वंशावळीत न मावलेली आत्याआजी

कुटुंबाच्या संमेलनांबद्दल माझं मत कधीच फारसं चांगलं नव्हतं. शंभरेक माणसं एका सभागृहात कोंबायची, प्रत्येकाच्या छातीवर नावाचा बिल्ला लावायचा, मोठ्यांची भाषणं, लहानांची गाणी, मग सगळ्यांचा एक फोटो, आणि निघताना सगळ्यांनी सगळ्यांना ‘आता भेटत राहू’ म्हणायचं. संमेलनाहून परतल्यावरही हे मत बदललेलं नाही. कार्यक्रम म्हणून तो दिवस कंटाळवाणाच होता. पण त्या दिवशी सभागृहामागच्या खोलीत जे सुरू झालं आणि पुढे बरेच दिवस फोनवर चालत राहिलं, त्याबद्दल लिहावंसं वाटतंय.

आमचं घराणं दोन शाखांचं. पणजोबांचे दोन मुलगे. थोरले ते माझे आजोबा. धाकटे आजोबा वेगळे झाले आणि पुढे दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद पडलं. का, ते आमच्या पिढीला कुणी धड सांगितलं नाही. ‘तेव्हा काहीतरी झालं होतं’ यापलीकडे गाडी कधी गेली नाही. संमेलन भरवायची कल्पना धाकट्या शाखेतल्या माझ्या चुलत-चुलत भावाची. त्यानं बराच काळ खपून वंशावळ तयार केली होती आणि ती सभागृहाच्या एका भिंतीभर लावली होती. येणारा प्रत्येक जण आधी तिथे जायचा, आपलं नाव शोधायचा, त्यावर बोट ठेवून फोटो काढून घ्यायचा.

माझी लेक पंधरा वर्षांची. तिनंही शोधलं. तिचं नाव नव्हतं, कारण मुलींच्या रेषा त्या तक्त्यात मुलींपाशीच थांबत होत्या. मी होते, माझ्या जन्माचं साल होतं, आणि खाली काही नाही. भावाला विचारलं तर तो मनापासून ओशाळला. म्हणाला, ‘ताई, मुलींची मुलं घेतली असती तर तक्त्याला दोन भिंतीही पुरल्या नसत्या.’ हे खरंही होतं. लेकीनं वाद घातला नाही. त्याच्याकडूनच पेन मागून घेतलं आणि माझ्या नावाखाली स्वतःचं नाव लिहून टाकलं. तिचं बघून दुपारपर्यंत आणखी बऱ्याच जणांनी लिहिलं. संध्याकाळी तो तक्ता छापील कमी आणि हाताने लिहिलेला जास्त झाला होता.

भाषणं सुरू झाल्यावर ती मागच्या रांगेत माझ्या शेजारी बसून फोनवर हिशेब करत होती. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, त्यांच्या वर आठ. दहा पिढ्या मागे गेलं की एका पिढीत १,०२४ पूर्वज. वीस पिढ्यांवर दहा लाख ४८ हजारांच्या वर. तिसाव्या पिढीला आकडा १०७ कोटींच्या पुढे गेला, तेव्हा तिनं मला कोपर मारलं, ‘आई, तेव्हा एवढी माणसं होती?’ नव्हती. तीस पिढ्या म्हणजे साधारण आठशे-नऊशे वर्षं, आणि त्या काळी जगाची लोकसंख्या पन्नास कोटींच्या आतली. म्हणजे तीच तीच माणसं आपल्या झाडात अनेक जागी पुन्हा येतात, कारण दूरच्या नात्यातली माणसं नकळत एकमेकांशी लग्नं करत आलेली असतात. डग्लस रोड, स्टीव्ह ओल्सन आणि जोसेफ चँग यांनी २००४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हाच विषय गणिती प्रतिमानं वापरून मांडला होता. आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा अगदी अलीकडचा समान पूर्वज फक्त काही हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष. व्यासपीठावर ‘आपलं रक्त एक आहे’ हे वाक्य तिसऱ्यांदा आलं, तेव्हा लेक हळूच म्हणाली, ‘सगळ्या जगाचंच एक आहे मग.’

खालच्या दिशेनेही रक्ताचा हिशेब फार लांब जात नाही. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के जनुकीय वारसा समान असतो. मी आणि तो तक्तेवाला भाऊ यांच्यात तीन टक्क्यांच्या आसपास. माझी लेक आणि त्याचा मुलगा यांच्यात एक टक्काही नाही. त्या पायरीवरच्या दहातल्या साधारण एका जोडीत तर चाचणीत सापडेल असा एकही समान तुकडा नसतो. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन गमतीनं म्हणायचे असं सांगतात, की दोन भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी मी जीव द्यायला तयार आहे. हिशेब अगदी बरोबर आहे: आठ गुणिले साडेबारा, शंभर. आमच्या सभागृहात त्या दिवशी एकमेकांना मिठ्या मारणाऱ्या माणसांचा हिशेब मात्र कुठल्याच गुणाकारात बसत नव्हता.

मला खरं काही सापडलं ते पुस्तकांच्या टेबलापाशी. भावानं जुन्या वस्तूंचं छोटं प्रदर्शन मांडलं होतं: चष्मे, दौत, पत्रं आणि धाकट्या आजोबांची काही पुस्तकं. मी सहज एक उघडून मागचं कोरं पान पाहिलं. पुस्तक वाचून संपल्याची तारीख, वार आणि खाली एका शब्दात हवा. ‘बुधवार. पाऊस.’ दुसरं उघडलं. ‘शनिवार. उकाडा.’

माझ्या वडिलांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी हेच आहे. मीही लिहिते. कुणी शिकवलं म्हणून नाही. पुस्तक संपलं की हवा लिहायची, एवढंच लहानपणापासून ठाऊक. मी आजवर ही वडिलांची स्वतःची लहर समजत होते. आणि इथे ज्या घराशी आमचं बोलणंच नव्हतं, त्या घराच्या पुस्तकांतही तोच वार आणि तीच हवा. भावाला विचारलं, तर तोही लिहितो. त्याला त्याच्या वडिलांकडून आलेलं. त्या शाखेतल्या चुलतकाकांना विचारलं, तर त्यांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, ‘आत्याचं ते. ती लिहायला लावायची. हवा लिहिली की तो दिवस आठवतो म्हणायची.’

ही आत्या म्हणजे माझ्या आणि त्याच्या आजोबांची बहीण, आमची आत्याआजी. मी तक्त्यापाशी परत गेले. दोन भावांच्या मधोमध एक आखूड रेषा, तिचं नाव, त्याखाली ‘अविवाहित’ एवढा एकच शब्द, आणि त्याखाली पेनानेसुद्धा कुणी काही लिहिलेलं नाही. लिहिणार कोण?

जेवणानंतर आत्याला आणि चुलतकाकांना घेऊन मी मागच्या खोलीत बसले. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. काका धाकट्या शाखेतले सगळ्यांत ज्येष्ठ, पण आत्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. फोनवर ध्वनिमुद्रण करू का, असं दोघांना विचारलं, पंखा बंद केला, खिडकी उघडली. मग ‘जुन्या आठवणी सांगा’ असं काही म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं की माणसं भाषण करतात. वर्षानुवर्षं सांगून गुळगुळीत झालेले चार प्रसंग येतात आणि संपतात. त्याऐवजी दोघांच्या हातात एकेक कागद दिला आणि म्हटलं, ‘आपलं जुनं घर काढून दाखवा. कोण कुठे झोपायचं तेही लिहा.’

हा उपाय इतका चालला की कुणालाही सांगावासा वाटतो. जागा काढायला लागलं की माणूस तिथे चालायला लागतो. आत्या जिन्याखालच्या अंधाऱ्या कोनाड्याशी आली आणि तिला आठवलं की पत्रं तिथे बसून मोठ्याने वाचली जायची, कारण ज्यांना वाचता यायचं नाही ते सगळे बाहेरच्या पायऱ्यांवर बसून ऐकायचे. काकांना एका दाराची कुरकुर आठवली आणि त्या कुरकुरीमुळे पकडलं गेलेलं कोण, हेही आठवलं. (तो ‘कोण’ त्या वेळी बाहेर व्यासपीठावर संस्कारांबद्दल बोलत होता.)

दोन्ही कागद शेजारी ठेवले तर घर एक आणि नकाशे दोन. काकांच्या नकाशात मधल्या खोलीतून आरपार एक भिंत होती. आत्याच्या नकाशात तिथे मोकळी जागा. आत्या म्हणाली, ‘इथे भिंत कसली? इथे तर आम्ही खेळायचो.’ काका म्हणाले, ‘अगं ताई, मी जन्मलो तेव्हापासून आहे ती.’ दोघंही बरोबर होते. आत्याच्या खेळण्याच्या वयानंतर आणि काकांच्या जन्माआधी कधीतरी वाटणी झाली होती आणि मधे भिंत उभी राहिली होती.

मग ‘तेव्हा काहीतरी झालं होतं’ची उकल सुरू झाली. आत्याच्या सांगण्याप्रमाणे धाकटे आजोबा हट्टाने वेगळे झाले. थोरल्यांनी समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. काकांच्या सांगण्याप्रमाणे त्यांच्या वडिलांना वेगळं व्हावं लागलं. थोरल्यांनी हिशेबाचे कागद दाखवायलाच नकार दिला. दोघंही शांतपणे बोलत होते आणि दोघंही एकमेकांचं ऐकून मान हलवत होते. कुणीही हटलं नाही. मी मधे पडले नाही. दोन्ही मुद्रणं जशीच्या तशी ठेवली आहेत. त्यातून एक ‘खरी’ हकीकत काढायचा मला मोह होता, पण ती माझी तिसरी हकीकत झाली असती. एका टप्प्यावर काकांनी फोन बंद करायला सांगितला. मी केला. ते जे बोलले ते इथे लिहिणार नाही.

मी एवढंच विचारलं, ‘भिंतीनंतर आत्याआजी कुठल्या बाजूला?’

यावर मात्र दोघांचं एकमत होतं. दोन्ही. सकाळी एका घरात, रात्री दुसऱ्या. तिची पेटी थोरल्यांकडे, अंथरूण धाकट्यांकडे. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हाही दोन्हीकडच्या मुलांना तिनंच वाचायला शिकवलं, दोन्हीकडची दुखणी तिनंच काढली, आणि पुस्तक संपल्यावर हवा लिहायला दोन्हीकडे तिनंच लावलं. आजोबांच्या सख्ख्या बहिणीशीही आपलं सरासरी साडेबारा टक्केच असतं, म्हणजे सख्ख्या चुलत भावाइतकं. पण माझ्या वाचण्या-लिहिण्यातलं तिचं देणं मोजलं तर ते माझ्या आजोबांच्या देण्याहून नक्की जास्त निघेल. वंशावळीत वारसा वरून खाली, सरळ रेषेत उतरतो. आमच्या घरातला तिरका उतरला होता, आणि ज्या रेषेखाली कोरी जागा होती तिथून उतरला होता.

स्मृतीचे अभ्यासक यान असमान यांनी म्हटलंय की तोंडी सांगण्यातून जगणारी आठवण साधारण ८० ते १०० वर्षं टिकते, तीन-चार पिढ्यांपर्यंत. त्यापुढे ती लिखाणात किंवा विधींत शिरली तरच राहते. या हिशेबाने आत्याआजी काठावर होती. तिला पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिच्याबद्दल ‘आजीनं सांगितलं’ असं म्हणणारं खाली कुणी नाही. मूल नसलेल्या माणसांची आठवण एक पिढी आधीच संपते, कारण ती सांगत राहणं हे कुणाचंच ठरलेलं काम नसतं.

घरी आल्यावरचं काम कंटाळवाणं आणि लांबलचक. मुद्रणांच्या फायलींना तारीख आणि बोलणाऱ्याचं नातं अशी नावं दिली, मूळ आवाज न छाटता दोन ठिकाणी साठवला, मग शब्दशः उतरवून काढलं. जुन्या फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने नावं लिहिली. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो आणि शाई पसरते. उतरवलेला मजकूर आत्याला आणि काकांना वाचून दाखवला. काकांनी स्वतःची तीन वाक्यं गाळायला सांगितली आणि आत्याने स्वतःचं एक वाक्य अधिक कडक करायला सांगितलं.

यात एक गंमत कळली. तक्तेवाला भाऊ ती भिंत ‘पाहिल्याचं’ शपथेवर सांगतो, तिच्यावरच्या खिळ्यांसकट. घर विकलं गेलं ते त्याच्या जन्माच्या आधी. असं होतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना त्यांच्या बालपणीचा, बाजारात हरवल्याचा खोटा प्रसंग घरच्यांनी सांगितलेला म्हणून दिला होता, आणि साधारण चौथ्या हिश्श्याला तो पूर्ण किंवा थोडाफार ‘आठवला’. घरच्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आपल्याला दिसायला लागतं. भावाला मी हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘खिळे होते, ताई.’ सोडून दिलं.

संमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर फोटोंचा पूर आला, मग वाढदिवस, मग रोजचे सुप्रभात. ग्रुपकडून मी जास्त अपेक्षा धरली नव्हती. फोन मात्र सुरू राहिले, आणि याचं श्रेय आत्याच्या वहीला. या वहीत सगळ्या खानदानाचे जन्मदिवस, मृत्यूचे दिवस, पत्ते, बदललेले नंबर, कुणाला काय दुखणं आहे ते सगळं असतं, आणि काही नावांपुढे बारीक टिंब. टिंब म्हणजे सध्या रुसलेला. समेट झाला की टिंबावर फुली. समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन रोझेन्थल यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या कुटुंबांचा अभ्यास करून या कामाबद्दल लिहिलं: नातलगांना एकमेकांशी जोडून ठेवणारं एखादं माणूस बऱ्याच घरांत असतं, ते बहुतेक वेळा बाई असते, आणि हे काम आईकडून मुलीकडे जाण्याचा कल दिसतो. आमच्याकडे आत्याने ते आत्याआजीकडून घेतलं होतं. आता तिचे डोळे थकलेत. ती वही माझ्या हातात देऊ लागली, तेव्हा मी एकटीने घेतली नाही. तिचे तीन भाग केले. एक तक्तेवाल्या भावाला दिला. बायकांच्या रेषा जागेअभावी तोडल्या असतील, तर निदान बायकांचं काम तरी पुरुषांनी वाटून घ्यावं, असं त्याला सांगितलं. त्यानं मुकाट्याने घेतला, आणि फोन माझ्याहून नियमित तोच करतो हे कबूल करायला हवं.

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर हे नातं इतक्या लवकर रुळलं कसं, याचं मला नवल वाटत होतं. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबार यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळा सोडून पुढे जाणाऱ्या मुलांच्या नात्यांचा १८ महिने माग ठेवला होता. भेटी-बोलणं कमी झालं की मैत्रीतली जवळीक उतरत गेली. नातलगांशी असलेली मात्र बरीचशी टिकून राहिली. आमच्याकडे टिकवायला काही नव्हतंच, मुळात ओळख नव्हती. तरीही ‘तू हवा लिहितोस?’ या एका प्रश्नावर आम्ही दोघं तासभर बोलू शकलो. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही ही म्हण माणसाच्या अडेलपणाला लावतात. आमच्या घराण्यात अडेलपणाही काही कमी नाही म्हणा.

लेकीचं काय, हा प्रश्न मला जास्त छळत होता. अटलांटातल्या एमरी विद्यापीठातले मार्शल ड्यूक आणि रॉबिन फायवुश यांची वीस प्रश्नांची यादी बऱ्याच जणांना माहीत असेल: आईवडील कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले, घरात कुणाला मोठं दुखणं झालं होतं, असे साधे प्रश्न. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त भक्कम दिसला. हे वाचून उत्तरं पाठ करून घ्यायचा मोह होतो, पण स्वतः ड्यूक यांनीच बजावलंय की पाठ केलेल्या उत्तरांनी काही साधत नाही. ती माहिती ज्या गप्पांतून, जेवताना, प्रवासात सहज येते, त्या गप्पांचा तो परिणाम. म्हणून मी तिला काही विचारलं नाही. काकांच्या मुद्रणातले काही शब्द मला नीट ऐकू येत नव्हते, ते तिला काकांना विचारून घ्यायला सांगितलं, एवढंच.

तिनं फोन केला तो लांबला. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःहून केला. काका तिच्याशी आमच्यापेक्षा मोकळं बोलतात. तिला कुठली बाजू नाही, आणि हिशेबाच्या कागदांचं तिला काही पडलेलं नाही. तिनं त्यांना विचारलं, भिंत बांधली त्या दिवशी हवा कशी होती? काकांनी वडिलांची पुस्तकं काढून त्या सुमाराच्या नोंदी शोधल्या. नोंद मिळाली नाही, पण शोधता शोधता त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं आठवलं, की दोन्ही भावांना घर दुरुस्त करायचं होतं, पैसे एकालाही पुरत नव्हते, आणि भिंत आधी नुसती छताला आधार म्हणून उभारली होती. वाटणी नंतर झाली.

म्हणजे आता भांडणाच्या तीन हकीकती आमच्याकडे आहेत. तिसरीत दोष कुणाचाच नाही. ती आत्याला मुळीच पटलेली नाही, आणि पुढच्या रविवारी काकांना फोन लावून ते सांगणार असल्याचं तिनं सगळ्यांना कळवून ठेवलंय.